प्रश्न क्रमांक चौदा

केरले मॅडमचा फॉर्म आलाय, त्यांच्या पीएच.डी.साठी.
'ऑनलाइन माध्यमातून इंग्रजी शिकण्याची तुमची तयारी आहे.'
खाली पाच गोल :
पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही,
असहमत, पूर्ण असहमत.
एकाच गोलात टिंब द्यायचं.

देते मॅडम. जरा थांबा.

रात्री साडेदहाला हॉस्टेलचं वायफाय मान टाकतं.
मग मी आणि अल्फिया मुजावर गच्चीवर,
पाण्याच्या टाकीला पाठ लावून.
तिथं दोन काड्या रेंज येते.
विद्यापीठाच्या माळावर एखादा मोर ओरडतो
आणि अ‍ॅपला वाटतं, मीच बोलले.
'पुन्हा प्रयत्न करा.'

पहिल्या दिवशी त्यानं गाव विचारलं.
म्हटलं, आय अ‍ॅम फ्रॉम हुपरी.
पडद्यावर उमटलं : आय अ‍ॅम फ्रॉम हूज सॉरी.
तीनदा म्हटलं. तीनदा तेच.
अल्फिया पोट धरून हसली,
'तुज्या गावाला सॉरी कोण म्हणालं गं?'
कुणी नाही, बाई.
अजून तरी कुणी नाही.

हुपरीत आमची आई पैंजणाच्या घुंगरांना डाख देते.
फुंकणीतनं ज्योत अशी वळवते
की कडी तापते, पण वितळत नाही.
शब्द माझ्याकडं ढीगभर आहेत, मॅडम.
एमएस्सीचं अख्खं रसायनशास्त्र इंग्रजीत पाठ आहे,
झोपेत विचारा.
दोन शब्दांमधला डाख तेवढा जमत नाही.
अ कुठं, द कुठं, की काहीच नको,
तिथं कडी निसटते
आणि वाक्य पायातनं घरंगळत
जिन्यावरनं खाली.

माझा चुलता चांदीची पेटी घेऊन
राजकोट, सेलम, आग्रा हिंडला.
सहा भाषांत उधारी मागतो.
त्याला कुणी फॉर्म दिला नव्हता.
म्हणतो, पैसं अडकलं की भाषा आपसूक येतीया.
माझं काय अडकलंय,
ते चौदाव्या प्रश्नात नाही.
पंधराव्यातही नाही, बघितलं मी.

फेब्रुवारीत पुण्याच्या कंपनीची मुलाखत होती, लॅपटॉपवर.
टायट्रेशन विचारलं, सांगितलं.
बफर विचारलं, आकृती काढून दाखवली.
मग त्यातला चष्मेवाला हसून म्हणाला,
टेल अस समथिंग अबाउट युअरसेल्फ.
मी कॅमेरा बंद केला.
मेसेज टाकला, सॉरी सर, नेटवर्क गेलं.

रेंज पूर्ण होती.
हे अल्फियालासुद्धा माहीत नाही.

त्या रात्री अ‍ॅप घेतलं. आज एकशे बारावा दिवस, खंड नाही.
ताप होता तेव्हा नाही,
मावसबहिणीच्या लग्नातही नाही,
आचाऱ्याच्या पातेल्याआड उभी राहून
'द ब्राइड इज टायर्ड' असं चारदा म्हटलं,
वाढप्यानं मला वेड्यात काढलं.

मंगळवारी वीस मिनिटं मारिसेल असते, फिलिपिन्सची.
तिच्या मागं अवेळी कोंबडा आरवतो.
तिची 'प' आणि 'फ'ची मारामारी,
माझी 'व'ची. बरं चाललंय.
परवा तिनं विचारलं, व्हॉट डझ युअर मदर डू?
शी... म्हटलं, आणि थांबले.
डाखाला शब्द सापडेना.
शी जॉइन्स, म्हटलं.
जॉइन्स व्हॉट?
स्मॉल थिंग्ज. सो दे मेक साउंड.

मारिसेल काही बोलली नाही.
कोंबडासुद्धा नाही.
अ‍ॅपनं तेवढी लाल रेघ मारली :
'अ' राहिला.

मॅडम, फॉर्म बाराला बंद होतो म्हणालात.
आत्ता अकरा सत्तावन्न.
टिंब दिलंय, कुठल्या गोलात ते बघालच.
पाठवा दाबलंय.
आता पाच गोल गेले
आणि मधोमध सहावा आलाय,
फिरतोय नुसता.
अल्फिया म्हणते, फोन वर धर की.
धरलाय.